पाव किलोवॅटची सोबत

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदोन सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात. टायरमधली हवा गेलेली, सीटवर धुळीचा थर. घेतल्या तेव्हा मालकाचा विचार नेक होता: रोज ऑफिसला सायकलने जायचं, दूध-भाजी सायकलवरून आणायची. घोडं अडलं ते चढावर. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाकडे निघालेला, किंवा सकाळच्या घाईत सेनापती बापट रस्त्याचा चढ चढणारा माणूस वर पोचेपर्यंत शर्ट भिजवून बसतो, आणि त्या शर्टात मीटिंगला बसता येत नाही. आठवड्याभरात स्कूटरची किल्ली पुन्हा हातात येते.

पॅडल-असिस्ट सायकल नेमकी याच अडचणीसाठी बनलेली आहे. तिला नुसतं ‘इलेक्ट्रिक सायकल’ म्हटलं की लोकांना छोटी स्कूटर आठवते. मूठ पिळली की पळणारी. इथे तसं नाही. तुम्ही पॅडल मारलं तर मोटर मदत करते, तुम्ही थांबलात की तीही थांबते. आपल्याकडच्या वाचकांना पॅडल आणि इंजिन एकत्र असलेली गाडी नवी नाही. पुण्याच्या कायनेटिकने 1972मध्ये आणलेल्या लुनालाही पॅडल होतं. पण लुनाचं पॅडल गाडी सुरू करण्यापुरतं. एकदा इंजिनाने सूर धरला की पाय आराम करायला मोकळे. पॅडल-असिस्टमध्ये पायांना सुट्टी नाही, त्यांचं ओझं तेवढं हलकं होतं.

किती हलकं, याचा हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर निघतो. माणूस, सायकल आणि पाठीवरची बॅग मिळून 95 किलो वजन धरू. सपाट रस्त्यावर ताशी 15 किलोमीटरने जायला साधारण 60 वॅट लागतात. हे काम धडधाकट माणूस गप्पा मारत करतो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर तोच वेग ठेवायचा तर मात्र 250 वॅट लागतात. चौपट! नियमित व्यायाम न करणारा माणूस पाऊणशे ते शंभर वॅट बराच वेळ सुखाने देऊ शकतो. 250 वॅट दोनचार मिनिटांत त्याचा दम काढतात. शिवाय आपलं शरीर हे यंत्र म्हणून फारसं काटकसरी नाही. पायांनी जेवढं काम होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता ते बाहेर टाकतं, आणि ही उष्णता घालवायची सोय म्हणजेच घाम. 250पैकी 150 वॅट मोटरने उचलले की आपल्या वाट्याला शंभर उरतात. चढ चढून होतो आणि शर्टही बऱ्यापैकी कोरडा राहतो.

सिग्नलचंही असंच आहे. थांबलेली सायकल पाच सेकंदांत ताशी 20 किलोमीटरवर आणायची तर त्या पाच सेकंदांपुरते सरासरी 300 वॅट लागतात. शहरात दर अर्ध्या किलोमीटरला हे करावं लागतं. साधी सायकल चालवणारा दमतो तो अंतराने नाही, या थांबण्या-निघण्याने. म्हणूनच तो सिग्नल तोडायला सगळ्यात आधी तयार असतो. मोटर असली की पुन्हा निघण्याचं दुःख जातं. सिग्नल पाळणारे सायकलस्वार वाढवायचे असतील तर दंडापेक्षा मोटर गुणकारी ठरेल, असं माझं प्रामाणिक मत आहे.

वेग हा मात्र या वाहनाचा गुण नाही, आणि तो असावा अशी अपेक्षाही ठेवू नये. वेग दुप्पट झाला की हवेला रेटायला आठपट शक्ती लागते. ताशी 15ला 60 वॅटमध्ये भागत होतं, तिथे ताशी 25ला सपाटीवरसुद्धा 170च्या आसपास लागतात. त्यापुढे जायचं तर मोठी मोटर, मोठी बॅटरी, दणकट ब्रेक हे सगळं आलं आणि मग ती सायकल राहत नाही. शिवाय शहरात त्या वेगाचा उपयोग काय? टॉमटॉमच्या 2024च्या वाहतूक निर्देशांकात पुणे जगात चौथं होतं: दहा किलोमीटर जायला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद. म्हणजे ताशी 18 किलोमीटर. सत्तर हजारांची स्कूटर असो की वीस लाखांची मोटार, गर्दीच्या वेळी सगळे याच आकड्याच्या आसपास येतात आणि हा आकडा ई-सायकलच्या सहज आवाक्यातला आहे.

कायद्यानेही मर्यादा ताशी 25लाच घातली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ज्या सायकलच्या मोटरची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे 250 वॅटपेक्षा कमी आहे, जिची मदत वेग वाढेल तशी कमी होत ताशी 25 किलोमीटरला पूर्ण बंद होते, आणि पॅडल थांबवलं तर त्याआधीही बंद होते, ती मोटार वाहन धरली जात नाही. तिला नंबरप्लेट नको, लायसन्स नको, विमा आणि पीयूसीही नको. वजनाची आणि ब्रेक, रिफ्लेक्टर यांची अट आहे, आणि ती या व्याख्येत बसते हे अधिकृत चाचणी संस्थेने तपासलेलं असावं लागतं. अशा संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. दुकानात हे प्रमाणपत्र मागा. ‘साहेब, एक वायर काढली की चाळीसने पळते’ असं विक्रेता हळूच सांगू लागला तर दुकान बदला. ती वायर काढल्यावर तुमच्याकडे उरते एक विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन, आणि अपघात झाला तर त्याचा अर्थ काय होतो हे वकील समजावून सांगतो. कमी वेगाच्या इलेक्ट्रिक दुचाकींमध्ये असे फेरफार करणाऱ्यांवर राज्याच्या परिवहन विभागाने 2022मध्ये कारवाईही केली होती.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना बॅटरीवर चालणाऱ्या सायकलचं पेटंट 31 डिसेंबर 1895ला मिळालं. त्यांच्या चित्रात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये आहे, आजच्या बहुतेक सायकलींमध्ये असते तिथेच. पण पायाच्या जोराला मोटरची साथ देणारी सायकल लोकांच्या हातात आणली यामाहाने, जपानमध्ये, 1993 साली. तिचं नाव पास. त्यामागे कायद्याची गाठ होती. नुसत्या मोटरवर पळणारी सायकल जपानी कायद्यात मोपेड ठरली असती. मग लायसन्स आलं, हेल्मेट आलं आणि ज्यांच्यासाठी ती बनवायची ते गिऱ्हाईकच गेलं. म्हणून यामाहाने मोटर स्वतंत्र ठेवलीच नाही. पाय जितका जोर लावतील तितकाच जोर मोटर लावणार, असं एकास एक प्रमाण ठरवलं. पुढे 2008च्या अखेरीस कमी वेगाला एकास दोन प्रमाणाची मुभा मिळाली, आणि ताशी 24 किलोमीटरला मदत शून्य. तिथे ही सायकल सगळ्यात जास्त कोणी आपलीशी केली असेल तर आयांनी. 2009पासून ठरावीक मजबुतीच्या सायकलवर दोन लहान मुलं बसवायला परवानगी मिळाली. एक मूल पुढे, एक मागे, हँडलला पिशवी, आणि बालवाडीचा रस्ता चढाचा. अशा वेळी मोटर ही चैन उरत नाही. जर्मनीत 2023 साली विकलेल्या एकूण सायकलींत निम्म्याहून जास्त मोटरवाल्या होत्या, आणि त्याही शर्यतीसाठी घेतलेल्या नव्हेत.

आता मदत कशी होते ते पाहू, कारण पैसे कुठे घालायचे हे त्यावर ठरतं. मोटरला ‘पाय चालू आहेत’ हे कळायला सेन्सर लागतो. स्वस्त गाड्यांमध्ये क्रँकपाशी लहान चुंबकं बसवलेली एक चकती असते आणि शेजारी ती मोजणारा सेन्सर. चकती फिरली की मोटर चालू. याला केडन्स सेन्सर म्हणतात. पॅडल फिरतंय एवढंच त्याला कळतं, तुम्ही जोर लावताय की नुसते पाय फिरवताय याची त्याला गंधवार्ता नसते. त्यामुळे दोन खोडी राहतात. निघताना अर्धा फेरा आपल्याच बळावर मारावा लागतो, नेमका तेव्हाच मदत हवी असते; आणि पाय थांबल्यावर मोटर क्षणभर रेटत राहते. स्पीडब्रेकरपाशी किंवा रिक्षा अचानक आडवी आली तर तो क्षण मोठा वाटतो. यावर उतारा म्हणून ब्रेकच्या लिव्हरमध्येच मोटर तोडणारा स्विच असतो. तो आहे ना, हे घेण्याआधी बघाच.

दुसरा प्रकार टॉर्क सेन्सरचा. पॅडलच्या धुरेवर पडणारा ताण मोजून तो मोटरला सांगतो, आणि तुम्ही जितकं दाबाल तितकी मदत येते. किंमत वाढते, पण फरक पहिल्या शंभर मीटरमध्ये कळतो. मोटर आहे हे विसरायला होतं, आपलेच पाय वीस वर्षांनी तरुण झालेत असं वाटतं. बजेट वाढवायचंच असेल तर जाड टायर, रंगीत डिस्प्ले, पुढचं सस्पेन्शन यांवर नको, या सेन्सरवर वाढवा.

मोटर मागच्या हबमध्ये असेल तर रचना साधी आणि स्वस्त. क्रँकपाशी असेल तर ती गिअरमधून जोर लावते, म्हणून मोठ्या चढाला सरस. पण चेन लवकर झिजते आणि किंमत खूप जास्त. शहरातल्या कामाला हबची मोटर पुरते. एकच पथ्य आहे. लांब चढावर वरच्या गिअरमध्ये रखडत जाऊ नका. हबची मोटर मंद वेगाला जोर लावते तेव्हा करंट जास्त खाते, तापते आणि बॅटरी भराभर उतरते. खालचा गिअर टाकून पाय जलद फिरते ठेवले की दोघंही सुखी.

घरच्या कामाला सायकल घ्यायला निघालेल्या माणसाची खरी पंचाईत दुकानात होते. बाजार वाढतो आहे; पुण्याच्याच ईमोटोरॅड कंपनीत 2024मध्ये महेंद्रसिंग धोनीने गुंतवणूक केली, हे अनेकांनी वाचलं असेल. पण दुकानात रांगेने उभ्या सायकली पाहिल्या तर वाटतं, सगळा महाराष्ट्र शनिवार-रविवारी डोंगर उतरायला निघाला आहे. जाडजूड टायर, पुढे झुकलेलं हँडल, उंच आडवी दांडी. आणि मडगार्ड? नाही. कॅरिअर? नाही. चेनकव्हर? छे! आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलला हे सगळं होतं, शिवाय डायनॅमो आणि दणकट स्टँड. ती कामाची सायकल होती म्हणून. जून ते सप्टेंबर मडगार्डशिवाय ऑफिसला जाणाऱ्याच्या पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो, तिथे कोरड्या शर्टाचं कौतुक संपतं. साडी किंवा पंजाबी ड्रेस घालणाऱ्या बाईला उंच दांडी आणि उघडी चेन म्हणजे सरळ ‘तू येऊ नकोस’ असंच सांगणं झालं. कमी दांडीची, म्हणजे पाय वर न घेता चढता येणारी मॉडेल फार थोडी आहेत. ती शोधा, पुरुषांनाही ती सोयीची पडतात. मागे पिशवी बांधलेली असताना पाय मागून टाकणं किती अवघड असतं, ते ज्याने भाजी आणली आहे त्याला माहीत आहे.

तेव्हा गाडीच्या किमतीत दोनतीन हजार या गोष्टींसाठी बाजूला ठेवा: पूर्ण लांबीचे मडगार्ड, 25 किलो पेलणारा कॅरिअर, त्यावर दोन बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, आरसा, घंटी, चांगलं कुलूप. भार पाठीवर घेऊ नका. पाठीवर बॅग असली की मोटर असूनही पाठ भिजते. दहा किलोंची तांदळाची थैली कॅरिअरवर टाकून चढ चढला की मोटरचं मोल खऱ्या अर्थाने कळतं.

पंक्चरची भीती बऱ्याच जणांना असते. मागच्या हबमध्ये मोटर असली तर तिची वायर चाकाच्या धुरेतून बाहेर येते आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला चाक खोलायला कचरतो. पण पंक्चर काढायला चाक खोलावंच लागत नाही. टायर एका बाजूने उतरवून ट्यूब ओढून बाहेर घ्यायची, ठिगळ लावायचं, परत सारायची. हे त्याला एकदा सांगावं लागतं, एवढंच. पावसात चालवायला हरकत नाही. गुडघाभर पाण्यातून नेऊ नका आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याने धुवू नका. मोटर आणि जोडण्यांचं रबर पावसासाठी असतं, त्या फवाऱ्यासाठी नाही.

बॅटरी काढता येणारीच घ्या. वीसबावीस किलोंची सायकल तिसऱ्या मजल्यावर कोण नेणार? बॅटरी दोनतीन किलोंची असते, ती वर नेऊन चार्ज होते, आणि खाली उभ्या सायकलवरचा चोराचा जीवही कमी होतो. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, थंड होऊ द्या. लिथियम बॅटरीला उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था, दोन्ही एकदम सोसत नाहीत. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरलेली ठेवून जा. चार्जर कंपनीचाच, आणि रात्रभर गादीशेजारी नाही.

‘मोटर असेल तर व्यायाम कसला?’ हा प्रश्न काका मंडळी हमखास विचारतात. युरोपातल्या सात शहरांमधल्या सायकलस्वारांची तुलना करणारा अभ्यास 2019मध्ये प्रसिद्ध झाला. ई-सायकलवाल्यांची शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते जास्त अंतर जात होते. आणि तुलना साध्या सायकलशी करायचीच कशाला? मोटर नसती तर तो माणूस सायकलवर नव्हे, स्कूटरवर बसला असता. स्कूटरवर होणाऱ्या व्यायामापेक्षा शंभर वॅट केव्हाही जास्तच.

रस्त्यांबद्दल खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. पुणे महापालिकेची सायकल योजना 2017 साली मंजूर झाली. जमिनीवर सायकल मार्ग दिसतात ते तुकड्यातुकड्यांत, आणि त्या तुकड्यांवर बहुधा मोटारी उभ्या असतात. त्यामुळे स्कूटरचा रस्ता तोच सायकलचा रस्ता, असं धरून चालू नका. उड्डाणपूल टाळा, दोन समांतर गल्ल्या शोधा, किलोमीटरभर जास्त पडला तर पडू द्या. मोटर त्यासाठीच आहे. हेल्मेटची सक्ती नाही, पण ताशी 25ने पडलेलं डोकं कायदा वाचत बसत नाही.

राहिला पैशाचा हिशोब. जाहिरातीत ‘किलोमीटरला सात पैसे’, ‘दहा पैसे’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, अर्धं आहे. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवरच्या बॅटरीत 360 वॅट-तास वीज मावते. चार्जिंगमधली घट धरून 0.42 युनिट, युनिटला दहा रुपये धरले तर सव्वाचार रुपये. तेवढ्यात पाय आणि मोटर मिळून पस्तीसेक किलोमीटर होतात, म्हणजे किलोमीटरला 12 पैसे. पण बॅटरी अमर नसते. पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर ती बदलायला आली आणि नवी 12,000ला पडली असं धरलं, तर साडेसतरा हजार किलोमीटरवर विभागून ते होतात किलोमीटरला जवळजवळ 70 पैसे. विजेपेक्षा बॅटरीची झीज पाचसहापट महाग! एकूण 80 पैसे म्हणू. लिटरला 45 किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला, पेट्रोल 105 रुपये धरून, सव्वादोन रुपयांच्या वर पडतात. वाचले दीड रुपया.

रोज दहा किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला साडेचार हजार. पस्तीस हजारांची सायकल नुसत्या पेट्रोलच्या बचतीतून फिटायला सातआठ वर्षं लागतील. म्हणून पेट्रोल वाचवायला ई-सायकल घ्या, असा सल्ला मी कोणाला देणार नाही. हिशोब जुळतो तो वेगळ्याच ठिकाणी. नवराबायको दोघं कामाला, मुलगी कॉलेजात गेली आणि घरात दुसऱ्या स्कूटरची बोलणी सुरू झाली, की थांबा. दुसऱ्या स्कूटरचे ऑन-रोड लाखभर रुपये, दरवर्षीचा विमा, पीयूसी, सर्व्हिसिंग, पार्किंगच्या जागेवरून शेजाऱ्यांशी होणारी कटकट. आणि ती स्कूटर करणार काय, तर दिवसाला सातआठ किलोमीटर. ते काम ई-सायकल पहिल्या दिवसापासून निम्म्याहून कमी पैशांत करते. घरात आधीच दोन स्कूटर असतील आणि त्यातली एक विकायची तयारी नसेल, तर मात्र ई-सायकल घेऊ नका.